पुढच्या चाकाखालचा आवाज

शहराच्या ध्वनींची नोंद घेणारे लेखक लोकलचा भोंगा, गणेशोत्सवातले ढोल आणि सहारच्या धावपट्टीवरून उठणाऱ्या विमानांचा गडगडाट यांच्यापाशी बहुधा थांबतात. एखाद्या कुटुंबाची आठवड्याची भाडी बुडणार की वाचणार हे ज्या आवाजावरून ठरते, तो जुन्या मालवाहू गाडीच्या पुढच्या चाकांखालचा खटखटाट अशा नोंदींत सापडत नाही. ‘शहराचे ध्वनी’ हे सूत्र हाती धरून अंधेरी पूर्वेला मरोळ नाक्यापासून साकीनाक्यापर्यंत आणि पश्चिमेला आंबोलीच्या आसपास फिरल्यास मात्र हा आवाज पावलोपावली कानावर येतो. एमआयडीसीतील गाळ्यांमधून खोकी नेणाऱ्या, वर्सोव्याची मासळी बाजारात पोहोचवणाऱ्या, पाण्याचे जार, मांडवाचे बांबू, जुनी कपाटे अशा कशाचीही ने-आण करणाऱ्या या छोट्या गाड्यांना कागदोपत्री हलके मालवाहू वाहन म्हणतात, विक्रेते पिकअप म्हणतात आणि रस्त्यावर सगळे टेम्पो म्हणतात. त्यांच्यातील पुष्कळशा दहा-बारा वर्षे राबलेल्या असतात आणि ‘खालून आवाज येतो’ एवढ्या एका तक्रारीवर गॅरेजात शिरतात.

दुर्दैवाने तेवढ्या एका तक्रारीवरच त्यांचे भाग बदललेही जातात. सांध्यात अस्तरासारखा बसणारा बुश बदलला तरी आवाज राहतो, शॉकॲब्सॉर्बर बदलला तरी राहतो, आणि शेवटी कुठलासा सैल नट आवळल्यावर गाडी गप्प होते, ही क्रमवारी टेम्पोमालकांच्या इतकी परिचयाची झाली आहे, की तिला ते गाडीच्या वयाचाच भाग समजतात. वास्तविक पुढच्या चाकांखालच्या आवाजाचे निदान ही बऱ्यापैकी शिस्तबद्ध विद्या आहे, आणि तिचे मूळ सूत्र असे सांगता येते, की आवाज कुठून ऐकू येतो या प्रश्नाला फारसे महत्त्व नसते. तो कोणत्या भाराखाली उमटतो आणि कोणत्या भाराखाली थांबतो, हे शोधावे लागते.

कान का फसतो

टेम्पोचा सांगाडा म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. शिडीसारख्या या चौकटीला चासी म्हणतात आणि केबिन, हौदा, इंजिन, चाकांची जुळणी हे सर्व तिच्यावर बसवलेले असते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून त्याचा वेग ५,००० मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे उजव्या चाकाजवळच्या एखाद्या सांध्यात पडलेला ठोका चासीतून क्षणार्धात सर्वत्र पसरतो आणि केबिनच्या ज्या पत्र्याला तो सर्वांत जास्त थरथरवतो तेथून ऐकू येतो. माणूस आवाजाची दिशा ओळखतो ती दोन कानांपर्यंत ध्वनी पोहोचण्यातल्या अत्यल्प वेळफरकावरून आणि तीव्रतेच्या फरकावरून. पायाखालच्या पत्र्यातून येऊन काचांवर आपटणाऱ्या आवाजाच्या बाबतीत या दोन्ही खुणा निरुपयोगी ठरतात. चालक डावीकडे बोट दाखवतो आणि दोष उजवीकडे निघतो, त्याचे कारण हेच आहे, आणि त्यात चालकाचा दोष काही नाही.

यात भर म्हणजे पुढून आल्यासारखा वाटणारा प्रत्येक आवाज चाकांच्या जुळणीतला नसतो. हौद्याच्या फाळक्याची साखळी, सीटमागे ठेवलेला जॅक, सैल झालेला बॅटरीचा क्लॅम्प, चासीला टेकणारा सायलेन्सरचा पाइप, केबिन आणि चासी यांच्यामधल्या चिरडलेल्या रबरी गाद्या, इंजिनाचे थकलेले माउंटिंग यांपैकी काहीही खड्ड्यात चाक गेल्यावर नेमके तसेच वाजते. जाणता मिस्त्री गाडी उचलण्यापूर्वी या सर्वांवरून हात फिरवतो आणि त्याहीआधी चाकांचे नट पाना लावून पाहतो, कारण सैल चाकाचा आवाज हा सगळ्या आवाजांत स्वस्तात बरा होणारा आणि दुर्लक्ष केल्यास सर्वांत महाग पडणारा आवाज आहे.

पुढची चाके कशावर उभी असतात

निदानाची पुढली पायरी म्हणजे समोरच्या गाडीत कोणती रचना आहे हे वाकून पाहणे, कारण एका रचनेत जो दोष संभवतो तो दुसरीत असूच शकत नाही. अंधेरीत दिसणाऱ्या लहान टेम्पोंमध्ये ढोबळमानाने तीन रचना आढळतात.

पहिली सर्वांत जुनी आणि सर्वांत दणकट. २००५ साली बाजारात आलेल्या आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी ठाऊक झालेल्या टाटा एसमध्ये पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आडव्या ॲक्सलच्या टोकांना असतात आणि हा ॲक्सल पोलादी पाट्यांवर टांगलेला असतो. पाटा म्हणजे कमानीसारखी वाकवलेली लवचीक पट्टी. एसमधील पाटे पॅराबोलिक जातीचे, म्हणजे मध्यभागी जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे असल्याने थोडक्या पट्ट्यांत काम भागते आणि त्या एकमेकींवर कमी घासतात. पाट्याचे एक टोक चासीला पिन आणि बुश यांनी जोडलेले असते, तर दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला, कारण भार आल्यावर कमान सपाट होते, तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा लागते. पाटा ॲक्सलला यू आकाराच्या बोल्टांनी आवळलेला असतो, तर पट्ट्या सरकू नयेत म्हणून मधोमध सेंटर बोल्ट असतो. अखंड ॲक्सलच्या टेम्पोत चाक डावी-उजवीकडे वळते ते बहुधा किंगपिन या उभ्या पोलादी खुंटीभोवती, आणि ही खुंटी वर-खाली बुशांमध्ये फिरते.

दुसऱ्या रचनेत प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते. टाटा झेनॉनसारख्या पिकअपमध्ये चाकाला आतल्या बाजूने दोन त्रिकोणी हात धरून ठेवतात, एक वरचा आणि एक खालचा. या हातांची आतली टोके रबरी बुशांवर फिरतात आणि बाहेरची टोके बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या आधाराला, जोडलेली असतात. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला पोलादी गोळा, जो सर्व दिशांना वळू शकतो. त्यावर ग्रीस राखणारी रबरी टोपी असते आणि या टोपीचे आयुष्य हेच बहुतेक वेळा जॉइंटचे आयुष्य ठरते. तिसरी रचना मोटारींकडून आलेली आहे: मारुतीच्या २०१६ सालच्या सुपर कॅरीमध्ये स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा स्ट्रट चाकाला वरून धरतो आणि खाली एकच हात असतो. स्ट्रटचे वरचे टोक बेअरिंगवर फिरते, आणि गाडी उभी असताना स्टीअरिंग वळवल्यावर स्प्रिंग अडखळत ‘टंग’ करून सुटली, तर बोट तिकडेच जाते. पाट्याच्या गाडीत हे बेअरिंग नसतेच.

केव्हा वाजते

गॅरेजात चालकाला विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत, पण ते क्वचित विचारले जातात. गाडी रिकामी असताना वाजते की भरलेली असताना? ब्रेक मारताना, सोडताना, की दोन्ही वेळा? सरळ जाताना की वळताना? सकाळी पहिल्या फेरीला की दुपारी? पावसात थांबते का? या उत्तरांतून निम्मे निदान होते, कारण प्रत्येक उत्तर म्हणजे कोणत्या तरी सांध्यावरचा भार बदलल्याची वर्दी असते.

लहानसहान खळग्यांवर हळू जाताना अखंड खडखड होत असेल, तर सैल पण हलक्या भागांचा संशय घ्यावा: शॉकॲब्सॉर्बरच्या टोकांचे रबर, चाके वळवणाऱ्या टाय रॉडचे टोक, स्टॅबिलायझरचे दुवे, ब्रेकचे पॅड. यांतील शेवटच्याची परीक्षा फुकट आहे. तशाच खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर नुसता पाय टेकवून गाडी चालवावी. खडखड तेवढ्यापुरती थांबली, तर पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल आहेत, कारण दाबले गेलेले पॅड वाजू शकत नाहीत. गंमत अशी, की या एका परीक्षेअभावी अनेक निरपराध बुश भंगारात गेलेले आहेत.

गाडी निघताना एकदा आणि थांबताना एकदा असा एकेरी ‘खट्’ ऐकू येत असेल, तर काहीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते आहे. पुढे जाताना ब्रेक मारला, की चाक मागे रेटले जाते. मागे घेताना ब्रेक मारला, की भार उलटतो. म्हणून मोकळ्या जागेत गाडी दोन हात पुढे आणि दोन हात मागे घेऊन दर वेळी ब्रेक मारावा आणि दुसऱ्या माणसाने सुरक्षित अंतरावरून चाकाकडे पाहावे: स्वतंत्र चाकांच्या गाडीत खालच्या हाताचा पुढचा-मागचा बुश फाटलेला असल्यास आख्खे चाक कमानीत पुढे-मागे झालेले डोळ्यांना दिसते, आणि पाट्याच्या गाडीत सैल यू बोल्ट किंवा तुटलेला सेंटर बोल्ट असल्यास ॲक्सल पाट्यावर किंचित घसरतो. हे घसरणे पकडण्याची जुनी युक्ती अशी, की पाटा आणि ॲक्सल यांच्या सांध्यावर खडूने किंवा रंगाने एक सलग रेघ ओढायची, गाडी फिरवून आणायची आणि रेघ तुटली का ते पाहायचे.

मोठ्या खड्ड्यात ‘धाड्’ असा बसका आवाज येणे हे बहुधा शॉकॲब्सॉर्बर संपल्याचे किंवा बंप स्टॉप नावाचा रबरी ठोकळा गळून पडल्याचे लक्षण असते. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीत तेल असते, ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना स्प्रिंगची उसळी शमते. तेल गळून गेले, की स्प्रिंग मोकाट सुटते. मोटारीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती एक-दीड हेलकाव्यापेक्षा जास्त डुलली तर शॉकॲब्सॉर्बर बाद ठरवायचा, ही सर्वत्र सांगितली जाणारी परीक्षा रिकाम्या टेम्पोवर मात्र फारशी लागू पडत नाही, कारण टनभर मालासाठी बनवलेला पाटा माणसाच्या वजनाने दबतच नाही. त्यापेक्षा नळीवरचा तेलकट ओघळ आणि टायरवर थोड्या थोड्या अंतराने पडलेल्या वाट्यांसारख्या झिजेच्या खुणा अधिक विश्वासार्ह.

करकर आणि कुईकुई यांचे कूळ वेगळे आहे. तेथे काही सैल नसते, काही कोरडे असते. कोरडा बुश, एकमेकांवर घासणारी पाट्यांची टोके, ग्रीस संपलेला बॉल जॉइंट हळू वेगात आणि सावकाश वळताना कुरकुरतात. संशयित भागावर पाण्याची एक पिचकारी मारली आणि आवाज दोन मिनिटे थांबला, तर जागा सापडली. अनेक गॅरेजांत पाण्याऐवजी इंजिनातून काढलेले काळे ऑइल मारले जाते, त्याने आवाज आठवडाभर थांबतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते, त्यामुळे हा उपाय पाट्यांच्या पोलादापुरता चालला तरी बुशापर्यंत पोहोचता कामा नये.

खड्ड्यांशी ज्याचा संबंध नाही असा आणखी एक आवाज या यादीत येतो, तो व्हील बेअरिंगचा. तो वेगाबरोबर चढतो, घुमतो आणि वळणावर बदलतो: उजवीकडे वळताना गाडीचे वजन डाव्या चाकांवर जाते, म्हणून तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बेअरिंगची तपासणी करावी. टायरच्या झिजेचाही आवाज असाच असतो, मात्र तो डांबरावरून काँक्रीटवर जाताच सूर बदलतो; बेअरिंगला रस्त्याचे सोयरसुतक नसते.

रस्ता हीच चाचणीशाळा

मोठ्या अधिकृत कार्यशाळांमध्ये जुळणीच्या निरनिराळ्या भागांना चिकटवायचे छोटे मायक्रोफोन मिळतात, आणि गाडी चालवताना कोणत्या जागी ठोका पडतो हे हेडफोनवर ऐकता येते. मरोळच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात हे साधन सहसा नसते, आणि त्याची फारशी उणीवही भासत नाही, कारण अंधेरीचे रस्ते स्वतःच निदानाची साधने पुरवतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्टॅबिलायझर बार. हा एक वाकवलेला पोलादी दांडा असतो, जो डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि वळणावर गाडीला कलू देत नाही. दोन्ही चाके एकदम सारखीच वर गेली तर तो नुसता फिरतो, पिळला जात नाही, आणि एकच चाक वर गेले तरच त्याच्या दुव्यांवर जोर येतो. आता रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक घ्यावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार असा गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, तर सोसायट्यांच्या दारांतले उंचवटे बहुधा त्याहून अरुंद आणि टोकदार असतात. पण त्या दोहोंवरही सरळ नेलेल्या गाडीची दोन्ही पुढची चाके एकाच वेळी उठतात. त्यावर गाडी गप्प राहिली आणि तोच उंचवटा तिरका घेतल्यावर किंवा नाक्यावरच्या खचलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये एकच चाक गेल्यावर वाजली, तर स्टॅबिलायझरचे दुवे आणि बुश यांच्यापासून सुरुवात करावी. दुवे तात्पुरते सोडवून हळू वेगात छोटी फेरी मारली आणि आवाज गेला, तर निदान पक्के झाले. उलट सरळ घेतलेल्या गतिरोधकावरही ठोका पडत असेल, तर पाट्याचे बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि बंप स्टॉप यांचा विचार आधी व्हावा.

पुलांवरचे प्रसरण सांधे हेही असेच साधन. ठरावीक अंतराने येणारा छोटा, तीक्ष्ण धक्का चाकांच्या जुळणीला एकसारखाच मिळतो, त्यामुळे एका सांध्यावर ब्रेक सोडून, दुसऱ्यावर ब्रेक टेकवून, तिसऱ्यावर स्टीअरिंग किंचित वळवून तुलना करता येते. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली आणि २०२५च्या मे महिन्यात तो पूर्णपणे वाहतुकीस मिळाला. मधल्या काळात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या छोट्या टेम्पोंना अंधेरी सबवेचा किंवा लांबच्या पुलांचा आधार घ्यावा लागला, आणि पहिल्याच मोठ्या पावसात तुंबणाऱ्या त्या सबवेने किती बेअरिंगांत पाणी घातले असेल याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

जॅक कुठे लावावा

फेरीतून संशय ठरतो. तो सिद्ध होतो गाडी उचलल्यावर, आणि इथेच अनेक निदाने बिघडतात. चाक अधांतरी झाल्यावर घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी दोन हात ठेवून ते आत-बाहेर हलवायचे, मग तीनच्या आणि नऊच्या जागी धरून तेच करायचे, ही पद्धत पोऱ्यांनाही ठाऊक असते. तीन-नऊला खेळ सापडला तर टाय रॉडची टोके किंवा स्टीअरिंगचे दुवे, बारा-सहाला सापडला तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, असा सर्वसाधारण आडाखा आहे. बेअरिंग आणि किंगपिन यांत निवड करायची असल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे: ब्रेकने चाक आणि नकल एकत्र बांधली जातात, म्हणून खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा वा बॉल जॉइंटचा.

पण जॅक कुठे लावला यावर बॉल जॉइंटचा खेळ दिसणार की दडणार हे अवलंबून असते. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या हातावर टेकलेली असते, तिथे जॅक चासीखाली लावून चाक लोंबकळत ठेवले, तर स्प्रिंग खालच्या हाताला जोराने खाली दाबत राहते, त्या ताणाने गोळा वाटीत घट्ट बसतो आणि पार झिजलेला जॉइंटही तंदुरुस्त वाटतो. अशा गाडीत जॅक खालच्या हाताखाली, जॉइंटच्या जितका जवळ तितका लावावा, म्हणजे स्प्रिंगचा भार जॅकवर जाऊन जॉइंट मोकळा होतो आणि टायरखाली लांब टामी घालून उचलताच खेळ हाताला लागतो. स्ट्रटच्या गाडीत वजन वरच्या टोकावर असल्याने खालचा जॉइंट मुळात बिनभाराचा; तिथे चाक लोंबकळत ठेवणेच योग्य. पाट्याच्या गाडीत जॅक ॲक्सलखाली. कुठल्याही गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर माणसाने शिरू नये, खाली स्टँड असावा. विटांची चवड रचून काम भागवण्याची रीत अजूनही दिसते आणि तिचे समर्थन करता येत नाही.

स्टीअरिंगच्या दुव्यांची सर्वोत्तम परीक्षा मात्र गाडी न उचलताच होते. चाके जमिनीवर, गाडी जागच्या जागी. एकाने स्टीअरिंग बोटभर डावी-उजवीकडे हलवत राहायचे आणि दुसऱ्याने एकेका जोडावर तळहात ठेवायचा. चाकावर वजन असल्याने सांध्यांवर खरा भार असतो, आणि डोळ्याला न दिसणारा ठोका तळहाताला स्पष्ट जाणवतो.

पाणी, मीठ आणि गंज

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, ती आपत्ती म्हणून स्मरणात राहिली. पण टेम्पोच्या पुढच्या जुळणीला असा एखादा दिवस मारत नाही, तिला मारतो तो दरवर्षीचा चार महिन्यांचा चिखल. रबरी टोपीला टाचणीएवढी चीर पडली, की आत पाणी आणि बारीक रेती शिरते, ग्रीसमध्ये मिसळून तिची घासपूड होते, आणि गोळा-वाटी काही महिन्यांत एकमेकांना खाऊन टाकतात. किंगपिनला ग्रीस भरण्यासाठी निप्पल असतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्यातून जुने, काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन चालवणे एवढाच तिच्या दीर्घायुष्याचा उपाय आहे. निप्पल चिखलाने बुजलेला असतो, पोऱ्या गन लावून बाजूने ग्रीस सांडवतो आणि काम झाले असे समजतो. ते झालेले नसते.

मासळीच्या गाड्यांचे दुखणे आणखी वेगळे. वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी हौद्यातून चासीवर ठिबकत राहते, यू बोल्टांचे आटे गंजाने धरतात आणि पाना लावल्यावर नट आवळला गेल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो गंजावर अडकलेला असतो. या गंजाचाही निदानासाठी उपयोग होतो. जिथे दोन धातू एकमेकांवर सूक्ष्म हलतात, तिथे नारिंगी-लाल भुकटी साचते किंवा एखादा पट्टा घासून चकचकीत होतो. जुना, काळपट, स्थिर गंज निरुपद्रवी असतो, पण यू बोल्टाशेजारी ओली लाल रेघ दिसली तर सांधा हलतो आहे असे समजावे.

बदलण्याची घाई

इतके सोपे निदान इतके कमी का होते, याचे उत्तर अर्थव्यवहारात आहे. भाड्याने चालणारी गाडी उभी राहिलेला प्रत्येक तास मालकाला खर्चात दिसतो, आणि गॅरेजवाल्याला निदानाचे वेगळे पैसे कोणी देत नाही. भाग बदलण्याचे मात्र देतात. त्यामुळे अर्धा तास फेरी मारून पाच मिनिटांत नट आवळणारा मिस्त्री तोट्यात जातो आणि तीन बुश बदलणारा कमावतो. ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारातून कंपनीचा, लोकल आणि त्याहून स्वस्त असे एकाच बुशाचे प्रकार येतात, कुर्ल्याच्या भंगारातून जुने हात आणि पाटे येतात, आणि काय बसवले हे गाडीखाली वाकल्याशिवाय मालकाला कळत नाही.

भाग बरोबर निवडला तरी बसवण्यात चूक होते, आणि तिच्याविषयी गॅरेजांत फारच कमी बोलले जाते. खालच्या हाताचा रबरी बुश म्हणजे दोन पोलादी नळ्यांमध्ये चिकटवलेले रबर. हात वर-खाली होतो तेव्हा आतली नळी बोल्टने जखडलेली राहते आणि रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळले, तर रबराची विश्रांतीची स्थिती तीच ठरते. गाडी खाली उतरवताच ते कायमचे पिळलेले राहते, दर खड्ड्यात आणखी पिळले जाते आणि लवकरच फाटते. मग दोष बुशाच्या दर्जाला दिला जातो. हे बोल्ट आधी हलके बसवून, गाडी चाकांवर उतरवून, थोडी पुढे-मागे करून मगच पूर्ण आवळावे लागतात. रबरी बुश असलेल्या पाट्याच्या पिनेलाही हाच नियम आहे.

किंगपिनच्या कामात लेथवाल्याचा हात लागतो. जुने बुश ठोकून काढायचे, नवे दाबून बसवायचे आणि मग रीमर फिरवून वरचा-खालचा बुश एका रेषेत आणायचे, असा क्रम असतो. रीमर न फिरवता घासकागदाने भागवलेली पिन सुरुवातीला घट्ट आणि महिन्याभरात सैल होते. पाट्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे नाकारली पाहिजे, ती म्हणजे तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग. पाट्याची लवचीकता त्याच्या पोलादाला दिलेल्या उष्णतासंस्कारातून येते, वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळ ती नष्ट होते, आणि पाटा पुन्हा तुटतो तो बहुधा भरल्या गाडीत. बॉल जॉइंटची वाटी ठोकून घट्ट करून देणारेही आहेत. ती दुरुस्ती नव्हे.

पासिंग

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते; ‘एमएच ०२’ क्रमांकाच्या गाड्यांचा संबंध यासाठी आंबिवलीच्या अंधेरी परिवहन कार्यालयाशी येतो, आणि या सोपस्काराला सगळे पासिंग म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८वा नियम पुढच्या जुळणीच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे: स्टीअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, स्टीअरिंगच्या दुव्यांचे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी झाकलेले असावेत आणि जोडांचे बोल्ट वा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या कराव्यात, असे तो सांगतो. म्हणजे फाटलेली टोपी ही कायद्याच्या भाषेतही त्रुटीच आहे. तरीही पासिंगच्या आदल्या आठवड्यात गॅरेजांत दिसणारी लगबग बहुतांशी रंग, दिवे आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या यांची असते, आणि टोपीकडे कोणी पाहत नाही.

जुन्या टेम्पोच्या मालकांनी म्हणून एवढे करावे: आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे चालकाकडून चार ओळींत लिहून घेऊन गाडीबरोबर द्यावे, निदानाची मजुरी वेगळी देण्याची तयारी ठेवावी, काढलेला भाग हातात घेऊन पाहावा आणि बुशांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावरच आवळून घ्यावेत. बॉल जॉइंट किंवा यू बोल्ट यांचा संशय असेल, तर त्या दिवशीचे भाडे सोडून द्यावे. ती गाडी माल भरून द्रुतगती महामार्गावर नेऊ नये.